फुप्फुसाच्या पुनर्वसनात गुडघे-खांदे दुखतात: व्यायाम थांबवायचा की बदलायचा?

पूर्वभाग_फिजिओ विचारतात:

नमस्कार. सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) आणि टीबी बरा झाल्यावर फुप्फुस आखडलेल्या रुग्णांचा गट आहे. आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा. बहुतेक जण सोलापुरातल्या अशोक चौक, विडी घरकुल, अक्कलकोट रोड या पट्ट्यातले. बायका विडी वळणाऱ्या, पुरुष यंत्रमागावरचे. वय ५५ ते ७२.

अडचण दमाची कमी आणि सांध्यांची जास्त आहे. दुसरा आठवडा संपला की "गुडघा धरला", "खांदा वर जाईना" सुरू होतं आणि तिसऱ्या आठवड्यात माणूस यायचंच बंद होतो. साधनं बेताची: एक स्थिर सायकल, वीस मीटरची ओसरी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, २० सेंटिमीटरची एक पायरी, पाण्याच्या बाटल्या. ऑक्सिमीटर आहे. सहा मिनिटं चालण्याची चाचणी दुसरीकडे ३० मीटरच्या बोळात होते, तिचे आकडे मिळतात.

विचारायचं ते असं:
१) खुर्चीतून ऊठ-बस आणि पायरी यांनी गुडघा दुखतो. दोन्ही बंद केले तर मांडीच्या ताकदीचं काय?
२) बाटल्या डोक्यावर उचलताना खांदा दुखतो. हातांचे व्यायाम सोडून द्यावेत का?
३) सत्राआधी वेदनाशामक गोळी द्यावी का?
४) कोणतं दुखणं दिसलं की व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे पाठवायचं?

---

वाटी_ते_घोटा यांचं उत्तर:

तुमच्या रुग्णाच्या हातात दोन कागद असतात. एक छातीच्या व्यायामांचा, दुसरा हाडाच्या डॉक्टरांनी दिलेला गुडघ्याच्या व्यायामांचा. दोन्ही कागद एकमेकांची ओळखदेख नसल्यासारखे लिहिलेले. गुडघ्याचा कागद म्हणतो सपाट झोपून पाय सरळ उचला. सपाट झोपलं की याला धाप लागते. छातीचा कागद म्हणतो पायरी चढ-उतर करा. तिथे गुडघ्याची वाटी ओरडते. पहिलं काम म्हणजे हे दोन कागद फाडून एक करणं.

धोरण असं ठेवा की दम लागण्याची पातळी तीच ठेवायची आणि सांध्यावरचा भार तेवढा उतरवायचा. बोर्ग मोजपट्टीवर (दम किती लागला ते शून्य ते दहामध्ये सांगायची पट्टी) दम ४ ते ६ च्या दरम्यान हवाच, नाहीतर पुनर्वसनाला अर्थ नाही. पण तो दम आणायला पायरीच लागते असं थोडंच आहे?

चालण्यापासून सुरू करतो, कारण तुमची ओसरी हाच गुडघ्याचा एक शत्रू असणार. हिशोब करून बघा. सहा मिनिटांत ३०० मीटर चालणारा माणूस मिनिटाला ५० मीटर जातो. त्याच्या ८० टक्के, म्हणजे मिनिटाला ४० मीटर. दोन मिनिटं चालणं, एक मिनिट बसणं, असे पाच फेरे केले तर ४०० मीटर होतात. वीस मीटरच्या ओसरीत याची जवळपास वीस वळणं झाली. पाय जमिनीला रोवून अंग गर्रकन फिरवलं की गुडघा पिळला जातो. घाई असते, दम लागलेला असतो, आणि माणूस नेमका दुखऱ्या पायावर फिरतो. दोन्ही टोकांना खुर्ची ठेवा आणि तिला वळसा घालून लांबट गोल चालायला लावा, चार-पाच छोटी पावलं टाकत. निम्मं चालणं झालं की दिशा बदला, म्हणजे सारखा एकच पाय आतल्या बाजूला राहणार नाही.

ऊठ-बस बंद करू नका, खुर्ची उंच करा. प्लॅस्टिकच्या खुर्चीची बैठक साधारण ४३-४५ सेंटिमीटरवर असते. गुडघा जितका जास्त वाकलेल्या अवस्थेतून उठतो तितका वाटीवरचा दाब वाढतो. दोन सोलापुरी चादरींच्या घट्ट घड्या बैठकीवर टाकल्या की पाच-सात सेंटिमीटर सहज मिळतात आणि बऱ्याच जणांचं दुखणं तिथेच निम्मं होतं. (मऊ उशी नको. ती दबते आणि कंबर खाली जाते.) खुर्ची भिंतीला टेकवा. बैठकीच्या कडेशी सरकायचं, टाचा किंचित मागे घ्यायच्या, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत पुढे झुकायचं, ओठ मुरडून फुंकर घालत उठायचं, आणि तीन आकडे मोजत सावकाश बसायचं. धपकन बसणं हीच इथली नेहमीची चूक. दुखतं ते बसताना, आणि दोष मात्र उठण्याला दिला जातो. ८ ते १२ वेळा, दोन फेरे. दोन सलग सत्रांत १२ च्या पुढे दोन जास्त सहज जमले की एक चादर काढायची.

ज्यांना तेवढंही सोसत नाही त्यांच्यासाठी बसून पाय सरळ करणं: मांडी खुर्चीवर, गुडघा ताठ, पाच आकडे मोठ्याने मोजायचे, खाली. मोठ्याने मोजणं सक्तीचं ठेवा. मोजणाऱ्याला श्वास रोखता येत नाही. स्नायू आवळून धरण्याच्या व्यायामात श्वास कोंडला की रक्तदाब चढतो आणि ऑक्सिजन उतरतो. वजन वाढवायला अर्धा किलो ज्वारीची पुरचुंडी घोट्याला बांधा. दगडासारखी टोचत नाही आणि मोजायला सोपी. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबण्याचा व्यायाम करायचा असेल तर पाठीला तक्के देऊन, अर्धवट बसूनच.

पायरी पहिले चार आठवडे बाजूला ठेवा. नंतर २० ऐवजी १० सेंटिमीटर, एक हात भिंतीला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

सायकल या लोकांना फार सोयीची. अंगाचं वजन गुडघ्यावर येत नाही, आणि चालताना ज्यांचा ऑक्सिजन घसरतो त्यांचा सायकलवर बहुधा कमी घसरतो. फक्त सीट बघा. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा थोडासाच, २५-३० अंश, वाकलेला हवा. पडण्याच्या भीतीने सगळे सीट खाली करून बसतात, मग गुडघा प्रत्येक फेरीला पूर्ण दुमडतो आणि संध्याकाळी सुजतो. सुरुवातीला भार शून्य. एक मिनिट जोरात, एक मिनिट हळू.

खांद्याचं म्हणाल तर डोक्यावर बाटल्या उचलणं आजपासून बंद करा, हातांचे व्यायाम मात्र चालू ठेवा. फुगलेल्या छातीत बरगड्या वरच राहतात, मानेचे आणि खांद्याचे स्नायू दिवसभर श्वासाला मदत करून थकलेले असतात, पाठ पोक काढून असते. अशा खांद्याने हात वर नेला की हाडाखाली स्नायूबंध चिमटतो. आधी खांद्याची पाती मागे ओढून सोडणं, दहा वेळा. मग दरवाजाच्या चौकटीला हात खांद्याच्या खाली टेकवून छाती पुढे नेत ताण देणं, १५-२० सेकंद, तीन वेळा. त्यानंतर अर्ध्या लिटरच्या बाटल्या, हात सरळ पुढेही नाही आणि सरळ बाजूलाही नाही, दोन्हींच्या मधल्या तिरक्या रेषेत, आणि फक्त छातीच्या उंचीपर्यंत. उचलताना श्वास बाहेर. अर्धा लिटर म्हणजे अर्धा किलो. तेवढंही जड झालं तर निम्मं पाणी ओता.

सांध्याचं कितपत दुखणं चालेल, यासाठी सोपा नियम. सत्राआधी शून्य ते दहामध्ये आकडा विचारा. व्यायामात तो दोनने वाढला तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मूळ आकड्यावर यायला हवा. नाही आला तर पुढची दोन सत्रं त्या व्यायामाची संख्या निम्मी. सगळं सत्र बंद नाही. आणि पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की मांडीचं मांस दोन-तीन दिवस दुखणं म्हणजे स्नायू कामाला लागल्याची खूण आहे. बोटाने दाखवायला सांगा: तळवा मांडीवर फिरवला तर स्नायू, एक बोट सांध्याच्या फटीवर ठेवलं तर सांधा. तिसऱ्या आठवड्यात जे गळतात त्यांतले निम्मे या दोन दुखण्यांतला फरक कुणी न सांगितल्यामुळे गळतात, असं माझं मत.

---

सातरस्ता_छाती यांचं उत्तर:

व्यायामाचं वरती नीट आलं आहे. चौथ्या प्रश्नावर लिहितो. "वयामुळे दुखतंय" असं म्हणून सोडायचं नाही अशी दुखणी:

टाचेच्या वरची जाड शीर (रक्ताची नव्हे, पोटरीचा स्नायूबंध). छातीचा जोर वाढला म्हणून लिव्होफ्लॉक्सासिन किंवा त्या कुळातलं प्रतिजैविक दिलं असेल, वय साठच्या वर असेल आणि सोबत प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) चालू असेल, तर ही शीर सुजण्याचा आणि क्वचित तुटण्याचा धोका वाढतो. औषध संपल्यावर काही महिन्यांनीही होऊ शकतं. दवाखान्यातून घरी सोडल्यावर लगेच पुनर्वसन सुरू होतं आणि तुम्ही टाचा उचलायला लावता, म्हणून नेमकं तुमच्याच हातात हे सापडेल. टाचा उचलणं तात्काळ बंद, औषध चालू असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, आणि ते कुळ पुन्हा द्यायचं नाही अशी फाइलवर नोंद.

जांघेत दुखणं, कधी नुसतं गुडघ्यात उतरणारं. स्टेरॉइड बरेच दिवस किंवा वारंवार घेतलेल्या माणसाचा खुबा तपासा. पाय आतल्या बाजूला फिरवताना दुखलं तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला असण्याची शंका घ्या. सुरुवातीला साधा एक्स-रे स्वच्छ दिसतो, एमआरआयमध्ये कळतं. गुडघा दुखतो म्हणून महिनोन्महिने गुडघाच शेकत बसलेले रुग्ण यात असतात.

खोकताना किंवा पाण्याची घागर उचलताना अचानक पाठीत कळ आली आणि मणक्यावर बोट दाबलं की दुखतं, तर मणका दबला असं धरून चाला. उंची कमी झाली आहे का तेही विचारा. पुढे वाकून करायचे आणि कंबर पिळायचे व्यायाम बंद. रोज प्रेडनिसोलोन तीन महिन्यांवर चालू असलेल्या प्रत्येकाच्या हाडांच्या घनतेचा आणि 'ड' जीवनसत्त्वाचा विचार व्हायलाच हवा. आपल्याकडे ऊन ढीगभर आहे, पण विडी घरात बसून वळतात आणि माग छताखाली चालतो.

दोन्ही मनगटं आणि घोटे दुखतात, बोटांची टोकं फुगून नखं पोपटाच्या चोचीसारखी झाली आहेत, आणि माणूस विडी ओढणारा आहे: हा संधिवात समजू नका. छातीचा ताजा एक्स-रे, बहुधा सीटीसुद्धा. फुप्फुसातल्या गाठीची ही पहिली खूण असू शकते. नुसत्या सीओपीडीने नखं अशी होत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

सकाळी हाताचे लहान सांधे अर्ध्या तासाहून जास्त आखडतात आणि छातीच्या एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी जाळी दिसते: संधिवातामुळेच फुप्फुस खराब होतं आहे का ते बघावं लागतं.

टीबीची औषधं अजून चालू असणारा कुणी गटात आला तर पायराझिनामाइडने युरिक अॅसिड वाढतं, सांधे दुखतात. औषध स्वतःहून थांबवायचं नाही, केंद्रावर सांगायचं. पाय सुजतात म्हणून लघवीची गोळी घेणाऱ्यांचा अंगठा रात्रीतून लाल होऊन ठणकला तर तेही युरिक अॅसिडच.

आणखी एक, आपल्या भागात फार दिसतं ते. गुडघ्यासाठी बिनलेबलच्या पुड्या. "चार दिवसांत दम पण कमी झाला आणि गुडघे पण" असं कुणी म्हणालं की त्यात स्टेरॉइड असल्याचा संशय घ्या. पुडी संपली की सगळे सांधे, सगळं अंग एकदम दुखायला लागतं, गळाठा येतो, चक्कर येते. तेव्हा तुम्ही व्यायामाला दोष द्याल. विचारताना रागावू नका, नाहीतर पुड्या लपवतील. आणि एकदम बंद करायला सांगू नका, डॉक्टरांकडे पाठवा. अंगातलं स्वतःचं स्टेरॉइड बनणं थांबलेलं असतं.

गोळ्यांबद्दल. साध्या झिजेच्या गुडघ्याला आधी डायक्लोफिनॅकचं जेल, मग पॅरासिटामॉल. वयस्कर, किडकिडीत माणसाला दिवसाला ३ ग्रॅमच्या आतच, आणि सर्दीच्या गोळीतलं पॅरासिटामॉल त्यात धरून. पोटातून घ्यायच्या डायक्लोफिनॅक-आयबुप्रोफेनने अंगात पाणी साठतं. हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण असलेल्यांचे पाय सुजतात, लघवीच्या गोळीसोबत मूत्रपिंडाला त्रास, स्टेरॉइडसोबत जठराला. दम्याच्या काही रुग्णांना याच गोळ्यांनी दम उसळतो. ट्रामाडॉल, कोडीन, प्रीगॅबालिन ही झोप आणणारी औषधं रक्तात कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्या माणसाला धोक्याची. डॉक्टरांनी विचार करून दिली तर गोष्ट वेगळी. शेजारणीच्या स्ट्रिपमधली नको.

पोटऱ्यांत गोळे येत असतील तर सांधा शोधत बसू नका. श्वासाच्या पंपातल्या (इनहेलरच्या) औषधाने, त्यातून वाफेवर वाफ घेतली असेल तर, पोटॅशियम उतरतं. लघवीची गोळी त्यात भर घालते.

---

हातची_कामं यांचं उत्तर:

वरच्या दोघांनी सत्रातला तास धरला. उरलेले तेवीस तास मी धरते.

विडी वळणारी बाई मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन, मान खाली करून तासन्‌तास बसते. गुडघा पूर्ण दुमडलेला, पाठ पोक, आणि तंबाखूची धूळ नाकासमोर. तुमचा व्यायाम आठवड्यात तीन तास, हे बसणं रोजचं. काम सोडा म्हणणं सोपं आहे, पण पान-तंबाखू घरात आलेली असते आणि हजारावर मजुरी ठरते. म्हणून निदान एवढं करा: खुर्ची आणि समोर कोपराच्या उंचीचा स्टूल, सूप स्टुलावर. सवय होईपर्यंत वेग कमी पडतो, हे आधीच सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी खुर्ची कोपऱ्यात जाते. दर अर्ध्या तासाला उठून दारापर्यंत फेरी. दाराजवळ, वारा पाठीकडून येईल असं बसायचं. तंबाखू चाळणं घरातल्या दुसऱ्या कुणी, बाहेर, नाक बांधून.

अंगठा विसरू नका. कात्रीने पान कापून आणि विडीचं तोंड दुमडून अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजतो. अशा हाताने पंप दाबला जात नाही. माणूस सांगतो "औषध लागू पडत नाही", आणि खरं म्हणजे दाब अर्धाच बसतो किंवा श्वास एकीकडे आणि दाब दुसरीकडे होतो. समोर बसवून पंप घ्यायला लावा. दोन्ही हातांनी, दोन तर्जन्या वर आणि दोन अंगठे खाली असं धरता येतं, सोबत स्पेसर (पंपाला जोडायचं नळकांडं). कॅप्सूल फोडून ओढायच्या यंत्राचा पर्याय आहे, पण स्ट्रिपमधून कॅप्सूल काढणं आणि यंत्र पिळणं दुखऱ्या बोटांना जमतं का ते आधी बघा. सत्राआधी पंधरा-वीस मिनिटं पंप नीट गेला तर चालणं वाढतं, हे वेगळं सांगायला नको.

संडास उकिडवं बसायचा असेल तर त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची घ्या. उकिडवं बसून पोट दाबलं जातं, कुंथताना श्वास कोंडतो, आणि उठताना गुडघा. तिन्ही त्रास एका खुर्चीने जातात. धुणं उभ्याने, ओट्यावर. घागरीऐवजी अर्धी बादली, दोन खेपा.

काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, मूठ मनगटाच्या घडीइतकी उंच. खांदाही दुखत असेल तर काठीपेक्षा चाकांचा वॉकर बरा, त्यावर हात टेकून पुढे झुकलं की दमही लवकर बसतो. ऑक्सिजनचा सिलेंडर खांद्याला अडकवून चालणाऱ्याचा खांदा दुखणारच. त्याला दोन चाकांची ट्रॉली हवी.

चालायला सिद्धेश्वर तलावाच्या काठी जात असतील तर एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत आटोपायला सांगा. पायात मागे पट्टा असलेली चप्पल. सपाता घातल्या की बोटं आवळून चालतात आणि पोटऱ्या भरतात.

---

पूर्वभाग_फिजिओ:

सगळ्यांचे आभार. चादरीची युक्ती उद्यापासून. दोन गोष्टी राहिल्या. बाजारात मिळणारा गुडघ्याचा पट्टा चालेल का? आणि गोळी सत्राआधी द्यावी की नाही यावर थेट उत्तर आलं नाही.

---

वाटी_ते_घोटा:

पट्टा चालताना वापरा, बसल्यावर काढा. त्याने ताकद येत नाही, धीर येतो, आणि धीरसुद्धा कामाचा. सायकलवर नको, गुडघ्यामागे काचतो.

गोळीचं: झिजेचा गुडघा असं निदान झालेलं असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेली पॅरासिटामॉल सत्राआधी तासभर घ्यायला माझी हरकत नाही. दुखत नाही म्हणून माणूस येतो, आणि येत राहिला तर मांडी भरते.

---

सातरस्ता_छाती:

निदान झालं असेल तर, या अटीवर सहमत. निदानाआधी गोळी देऊन चालवलं तर वर लिहिलेली टाचेची शीर आणि खुबा दोन्ही झाकले जातात. आणि पहिली दोन सत्रं बिनगोळीची करा, म्हणजे मूळ आकडा कळेल. गोळी खाऊन घेतलेला आकडा नोंदवहीत वेगळ्या रंगाने लिहा.

---

हातची_कामं:

त्याच वहीत एक रकाना वाढवा: "काल घरी काय काम केलं". शुक्रवारी गुडघा का सुजला याचं उत्तर बऱ्याचदा गुरुवारच्या धुण्यात सापडतं.